बिनशेपटी कादंबरीचे शेवट

आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हा शनिवारी चार वाजले की आई पदराला हात पुसत म्हणायची, "चल तनया, टिपणीसकाकूंकडे." आमच्यापासून तिसऱ्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर अहिल्या टिपणीस राहायच्या. त्यांचे यजमान श्यामकाका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मागच्या व्हरांड्यात काकूंचं मराठी वाचनालय होतं. ते त्यांनी ठरवून काढलं नव्हतं, आपसूक जमलं होतं. मराठी कुटुंबाची दिल्लीहून बदली झाली की ट्रकमध्ये सगळं मावत नसे. मग तुळशीपासून गुलाबापर्यंतच्या कुंड्या शेजारच्या पंजाब्यांकडे जात आणि पुस्तकं काकूंकडे येत.

त्या पुस्तकांना आधीच्या घरांच्या खुणा असायच्या. कुठे हळदीचं बोट, कुठे डीटीसीच्या बसचं तिकीट, कुठे समासात पेन्सिलीने "अगदी आमच्या नणंदबाई" असं लिहिलेलं. मे महिन्यात कूलरला खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी ओली करून लावायची, चटई टाकायची आणि पालथं पडून वाचायचं. कूलरचे तुषार उडून पानं थोडी फुगायची. बाहेर लू, उन्हाळी झळांचा वारा, असायची आणि आत मी कुठल्यातरी कोकणातल्या गावात असायचे. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, पण भरती कशी येते हे मला माहीत होतं.

त्या वाचनालयात एक जाडजूड कादंबरी होती. तिला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानं नव्हती आणि शेवटचीही नव्हती. नाव कळायला वाव नसल्यामुळे सगळ्याजणी तिला 'बिनशेपटी' म्हणायच्या. गोष्ट एका शिक्षिकेची होती. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. ती एकटीने शाळा सांभाळते, सासूचं करते आणि एके सकाळी दार वाजतं. शेवटच्या उरलेल्या पानावरची शेवटची ओळ होती, "तिने कडीवर हात ठेवला आणि".

वाचून झालं की जी ती काकूंकडे धावायची. काकू चहाचं आधण ठेवत शांतपणे म्हणायच्या, "मी पूर्वी वाचलीय ती, पुण्याला असताना. बस, सांगते."

माझ्या आईला, हेमांगीला, त्यांनी ज्या दिवशी शेवट सांगितला तो दिवस मला आठवतो. साल शहाऐंशी. आई परीक्षा देऊन कारकुनाच्या जागेसाठी निवडली गेली होती. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत रुजू व्हायचं होतं आणि ती कचरत होती. आजी नागपूरहून पत्रांवर पत्रं पाठवत होती की पोरीकडे कोण बघणार. काकूंनी सांगितलं की दारात नवराच होता. शिक्षिकेने त्याला पाणी दिलं, बसायला पाट दिला, प्रकृती विचारली. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, माझी शाळेची वेळ झाली. आणि छत्री घेऊन ती निघून गेली. पुढच्या सोमवारी आई नोकरीवर रुजू झाली आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाली.

मी बारा वर्षांची होते. मला काकूंनी सांगितलं की दारात पोस्टमन होता आणि त्याच्याकडे असं पत्र होतं की ज्यातून अख्खी नवी गोष्ट सुरू होते. पुढचा आठवडाभर मी ती नवी गोष्ट मनातल्या मनात रचत होते.

त्याच सुमाराला सरला उजगरे यांनीही बिनशेपटी नेली. या मूळच्या अहमदनगरच्या, ख्रिस्ती. त्यांच्या घरून नाताळात करंज्या यायच्या, आमच्या दिवाळीतल्यांपेक्षा खुसखुशीत. त्यांचा एकुलता एक मुलगा मानस एकोणीस वर्षांचा असताना वडिलांशी भांडून घरातून गेला होता, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांना काकूंनी काय सांगितलं असेल ते वेगळं सांगायला नको. दारात तो परतलेला माणूस होता. थकलेला, दाढी वाढलेली. शिक्षिकेने काही विचारलं नाही, फक्त बाजूला होऊन वाट दिली.

गणेशोत्सवात फराळाच्या ताटांवर आई आणि सरलाताई शेजारी बसल्या आणि बोलता बोलता बिनशेपटीवर आल्या. एकीचा शेवट दुसरीला पटेना. दोघी तशाच उठून काकूंकडे गेल्या, मागोमाग मी. आईने हसतच विचारलं की खरा शेवट कुठला. काकूंना थाप मारून वेळ निभावता आली असती. पण त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हाच पानं नव्हती. तुम्हाला पाहून सुचलं ते सांगितलं."

आईला ते गमतीचं वाटलं. सरलाताईंनी मात्र पिशवीतलं वाचनालयाचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. परत कधी व्हरांड्यात आल्या नाहीत. वर्षभरात त्यांच्या यजमानांनी फरीदाबादला घर घेतलं आणि त्या क्वार्टर सोडून गेल्या. काकूंनी त्यानंतर कुणालाही शेवट सांगितला नाही. बिनशेपटी त्यांनी कपाटात आत टाकली आणि एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली.

मी पुढे वाचतच मोठी झाले. श्यामकाका निवृत्त झाले आणि क्वार्टर सुटलं. काकूंनी बरीचशी पुस्तकं पहाडगंजच्या मराठी शाळेला देऊन टाकली. नंतर काका गेले. आमचे ते ब्लॉकही पाडले गेले, तिथे आता काचेचे टॉवर उभे आहेत. सेलमधले कुर्ते घ्यायला मार्केटात गेले तर मला आमची गल्ली कुठे होती ते सांगता येत नाही.

काकू आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. नोएडाला मुलाकडे, सुधन्वाकडे, नवव्या मजल्यावर राहतात. मी दिल्लीतल्याच द्वारकेहून मेट्रोच्या ब्लू लाइनने महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जाते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग अधू झाला. कडेकडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. ज्या बाईने उभं आयुष्य वाचण्यात घालवलं तिच्यासाठी ही काय शिक्षा होती ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्या पुस्तक हातात धरून नुसती पानं चाळत बसायच्या.

मग त्यांच्या नातीने, अवनीने, टॅबवर एआय लावून दिला. सोळा वर्षांची आहे ती. मराठी बोलते, पण मधूनच 'यार' आणि 'अच्छा' पेरत. तिने आजीला समजावलं की हा नुसतं तयार पुस्तक वाचून दाखवत नाही, आपण सांगू तशी नवीन गोष्टही करतो. काकूंना ते आवडलं, हे मला कबूल केलं पाहिजे. मला वाटलं होतं त्या नाक मुरडतील. पण त्या रोज दुपारी त्याच्याकडून एक गोष्ट करून घेत. कधी गावची, कधी चोराची. "कंटाळत नाही बिचारा," त्या म्हणायच्या. फक्त त्याच्या गोष्टीतल्या सासवा फार समजूतदार असतात, ही त्यांची तक्रार होती.

मागच्या दिवाळीत मी गेले असताना त्यांनी अवनीला सांगून बिनशेपटीची गोष्ट त्याला घातली. आठवत होती तेवढी, कडीवर हात ठेवण्यापर्यंत. विचारलं, पुढे काय झालं? मिनिटाच्या आत त्याने तीन शेवट सांगितले. एकात नवरा, एकात त्याचा मित्र त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन, एकात त्याची दुसरी बायको. तिन्ही चांगले होते. मला तर दुसरी बायको फारच आवडली.

काकूंनी तिन्ही ऐकले आणि विचारलं, "हे तो कुणाला सांगतोय?"

"तुलाच, आजी," अवनी म्हणाली. "पण त्याला तुझ्याबद्दल काही माहीत नाही ना. तू ऐकणाऱ्याबद्दल सांग, मग बिल्कुल त्या माणसासाठी बनवेल."

काकूंनी टॅबकडे तोंड करून सावकाश सांगितलं की ऐकणारी एक बाई आहे, तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी घरातून गेलाय आणि त्याचा पत्ता नाही. यंत्राने गोष्ट केली. दारात थकलेला माणूस उभा होता. शिक्षिकेने काही विचारलं नाही, बाजूला होऊन वाट दिली.

जवळजवळ तेच शब्द. अवनीला काही ठाऊक नव्हतं, तिला ते छान वाटलं. काकूंनी टॅब बंद करायला सांगितला. त्या म्हणाल्या, "तनया, हा विसरून जाईल आणि दुसऱ्या कुणाला दुसरं सांगेल. त्याला दोष नाही. मी मात्र सांगितल्यावर तिला पुन्हा भेटायला गेले नाही. मला घेऊन चल."

सरलाताईंचा पत्ता मिळवायला मला पंधरा दिवस लागले. फरीदाबादच्या चर्चमधून शेवटी फोन नंबर मिळाला. जानेवारीतल्या एका स्वच्छ दुपारी मी काकूंना टॅक्सीने घेऊन गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सरलाताई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी काकूंना लगेच ओळखलं. मी शेंगांची परात बाजूला सरकवून काकूंना खुर्चीवर बसवलं.

काकू पाठ करून आल्यासारख्या बोलल्या. म्हणाल्या की मी तुम्हाला खोटा शेवट सांगितला, तुमची आशा वाढवली, त्याची माफी मागायला इतकी वर्षं लावली.

सरलाताई सोलायच्या थांबल्या. "अहिल्याबाई, तुम्ही खोटं सांगितलंत याचा मला राग नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगितलंत याचा होता. त्या शेवटावर माझे तीन महिने निघाले होते. अजून थोडे निघाले असते."

मी शेंगा सोलायला घेतल्या. मग सरलाताईंनीच सांगितलं. मानसचं नव्वद साली एक पत्र आलं होतं, आसामातून. मी बरा आहे, एवढंच. पुढे काही नाही. त्यांनी ते एका दमात, कुणा शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि विचारलं, "डोळ्यांना काय झालंय तुमच्या?"

सरलाताईंची नजर अजून शाबूत आहे. तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता फरीदाबादहून नोएडाला फोन येतो. त्या वाचतात आणि काकू ऐकतात. आवाज घोगरा झालाय, जोडाक्षरांवर अडतात, मधे कुकरची शिट्टी होते. अवनीने एकदा सुचवलं की पुस्तकाचे फोटो काढून दिले तर टॅब जास्त स्वच्छ वाचेल. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवून तिला जवळ बसवून ऐकायला लावलं. दुसऱ्याच पानावर काकूंनी फोनमध्ये म्हटलं, "सरलाताई, मधलं काहीतरी गाळलंत तुम्ही."

"चार पानं गाळली," पलीकडून आवाज आला. "नुसतं रडगाणं आहे. मला ती सून पसंत नाही."

"तुमच्या पसंतीचा काय संबंध? मागे जा. मला तिचं ऐकायचंय."

त्यावर दोघींचं दहा मिनिटं त्या सुनेवरून भांडण झालं. अवनी आधी हसत होती. मग तीही मधे पडली आणि सुनेची बाजू घेऊन हिंदी-मराठीत तावातावाने बोलू लागली. शेवटी सरलाताई कुरकुरत मागे गेल्या आणि त्यांनी गाळलेली चारही पानं, एकेक शब्द, वाचून दाखवली.