पाम जाळीखाली होता तेव्हा

माळीबुवा ऑफिसांना अरेका पाम भाड्याने देत. नियम एकच: पंधरा दिवस आत, महिनाभर बाहेर. एसीत पिवळा पडलेला पाम परत आणायचा, हिरव्या जाळीखाली सावलीत ठेवायचा, ओल्या फडक्याने पानं पुसायची. थेट उन्हात काढला तर पानं भाजतात, आणि घाईने आत नेला तर पुन्हा मान टाकतो. मोठमोठे साहेब गयावया करत, "उद्या पाहुणे यायचेत, एक तरी द्या." बुवा ढिम्म हलत नसत. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मी कुंडीतच येईन. रोजची विचारपूस तरी होईल."

ती अंथरुणाला खिळली, तेव्हा बुवांनी सगळ्यात देखणा पाम तिच्या खाटेशेजारी ठेवला. बोलघेवडी बाई, दिवसभर नवऱ्याच्या कागाळ्या त्यालाच सांगायची. पण खोली पडली अंधारी. तीन महिन्यांत पानांची टोकं करपली, आणि बुवांनी पाम उचलून जाळीखाली नेला.

तीन आठवडे तिने कळ काढली. मग म्हणाली, "अहो, कधी आणताय त्याला? कोपरा खायला उठतो."

"नवं पान येतंय. आठ दिवस थांब. आत्ता आणला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल."

ती हसली. "बरं बाई. साहेबांचं चाललं नाही, तिथे माझं काय चालणार?"

फार दिवस उरले नाहीत, हे डॉक्टरांनी बुवांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. बुवांनी ते कानाआड केलं. आठ दिवसांचा वायदा केला म्हणजे ती आठ दिवस राहीलच, असं त्यांच्या वेड्या मनाने धरलं असावं.

सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. मान कोपऱ्याकडे वळलेली होती.

आणखी दोन दिवसांनी नवं पान उलगडलं. इतकं तुकतुकीत पान बुवांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी एका ऑफिसचा माणूस आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "पाम हवा होता. महिना झाला नसेल तर थांबतो, बुवा."

"कुठलाही न्या," बुवा म्हणाले. "थांब म्हणणार नाही मी आता कुणाला."

आणि त्या परक्या माणसासमोर, कुंड्यांच्या मधेच खाली बसून, ते ओक्साबोक्शी रडले.