आधी दादाला जिवंत करा

आक्काला परदेशात घर लागलं, ही बातमी इस्पितळाच्या धोबीखान्यात चहाच्या आत सगळ्यांना कळली. तिचा थोरला भाऊ तिकडे वारला होता आणि जाताना मृत्युपत्र करून आपलं घर तिच्या नावावर ठेवून गेला होता. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात, तळमजल्यावर दोन खोल्या. आलेल्या फोटोत दार थेट रस्त्याच्या पातळीला होतं, एक पायरीसुद्धा नाही. बायका म्हणाल्या, आता काय बाई, मजा आहे, पार्टी कधी? आक्का म्हणाली, देते की. आणि तिने पुढच्या चादरीची दोन टोकं धरली, कारण वाळवणीच्या यंत्रातून गरम चादरींचा ढीग पडतच होता आणि तो काही कुणाचं घरबीर बघत नाही.

खरं सांगायचं तर तिला आनंद व्हायलासुद्धा जिवावर आलं होतं. लग्न झाल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहायची, नवरा गेल्यापासून एकटीच. दिवसभर उभ्याने घड्या घालायच्या आणि संध्याकाळी कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत, वर जायचं. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. ते घर विकलं तर काम सोडता येईल, खाली कुठेतरी खोली घेता येईल, एवढंच तिच्या मनात आलं. याहून मोठं स्वप्न बघायला अंगात त्राण हवं ना!

कागदपत्रं घेऊन ती वकिलाकडे गेली. वकील तरुण होता, पण भला होता. त्याने सगळं ठेवून घेतलं आणि चार दिवसांनी तिला पुन्हा बोलावलं. चेहरा असा करून बसला होता की आक्काने खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं, काय झालं?

"आक्का, तुमचे दादा तर चौदा वर्षांपूर्वीच वारलेत. कोर्टाचा तसा निकाल आहे."

"हो," आक्का म्हणाली. "ते आम्हीच केलं."

झालं होतं ते असं. दादा बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. पहिली काही वर्षं त्याचे फोन आले, मग बंद झाले. आई होती तोवर तिने कुणाला ब्र काढू दिला नाही. ती गेल्यावर वडिलोपार्जित घर धाकट्या भावाच्या नावावर करायचं निघालं, तर दादाची सही आणायची कुठून? कचेरीतल्या कुणीतरी मार्ग सांगितला की सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कोर्ट त्याला मेलेला धरतं. दोघा बहीणभावांनी तसा अर्ज केला. आक्काने वर हक्कसोडपत्रही करून दिलं. भावाला घर राहावं म्हणून बहिणी देतात, तसं तिनेही दिलं, एका शब्दाने काही न मागता. त्या दिवशी घरी येऊन ती दादासाठी खूप रडली होती. आता कळत होतं की ती रडत होती तेव्हा तो तिकडे कुणाची तरी भांडी घासत असेल, नाहीतर झोपला असेल सुखाने.

वकिलाने समजावून सांगितलं. इथल्या हिशेबी जो चौदा वर्षांपूर्वी मेला, तो यंदा मृत्युपत्र कसा करील? तिकडचे लोक म्हणणार, हा कुणी दुसराच असेल. तेव्हा आधी कोर्टात जाऊन दादाला जिवंत करायचं, मगच तो नीट मरेल आणि घर तुम्हाला मिळेल. त्यासाठी निकालानंतर त्याच्याशी बोललेला, त्याला ओळखणारा माणूस साक्षीला हवा. आहे का कुणी?

कुणी नाही, असं सांगून आक्का बाहेर पडली आणि पाय ओढत धाकट्याकडे गेली.

धाकटा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. आईवडिलांच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. जमिनीवर रेक्झिनचे तुकडे, कोपऱ्यात फोमचा ढीग. तिने सगळं सांगितलं तरी त्याने मशीन थांबवलंच नाही. म्हणाला, सोड ना आक्का, कशाला ते उकरून काढायचं? दादा जिवंत होता असं ठरलं तर आपलं जुनं सगळं वाटप उलटं होईल, हे घर पुन्हा हवेत लटकेल. पोरांना घेऊन जाऊ कुठे मी?

तेही खरंच होतं. आक्का फोमच्या ढिगावर टेकली. वाद घालायला तिच्यात जीव नव्हता. तिला राग आला होता तो भलत्याचाच.

"एवढी वर्षं होता," ती म्हणाली, "तर एक फोन करता आला नाही मेल्याला?"

मशीन थांबलं. धाकटा सुईखालचं रेक्झिन उगाच सरळ करत राहिला.

"केला होता," तो म्हणाला.

निकाल लागला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, या दुकानातच आला होता फोन. दादाची बोट बंद पडली होती, मग आजारपण, मग काय तोंडाने घरी कळवू म्हणून लाज. आता कुठे जम बसतो आहे, म्हणाला. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. घर नुकतंच नावावर झालेलं, बायकोला दिवस गेलेले. त्याने दादाला सांगितलं की तू इथे कागदोपत्री मेला आहेस, आता उगवलास तर आम्ही दोघं खोटे पडू. थोडा थांब, मी करतो फोन. दादा म्हणाला, बरं, मेलो तर मेलो.

"आणि तू केलास फोन?"

"नाही."

"नंबर होता?"

"होता."

आक्काला वाटलं, उठून याच्या थोबाडीत द्यावी. लहानपणी याचंच नाक पुसलं, यालाच कडेवर घेऊन हिंडली. पण उठायचं म्हणजे आधी गुडघे सरळ करायचे. तिने पाणी मागितलं. त्याने पेला दोनदा विसळून आणून दिला, तेव्हा तिला त्याची कीवही आली, ज्याचा तिला आणखी राग आला.

"तुझं घर तुला राहू दे," ती शेवटी म्हणाली. "दादाचा त्यातला वाटा माझ्याकडे आला तर तोही लिहून देईन, पुन्हा एकदा. पण तू कोर्टात येऊन हे सांगायचंस. नाही आलास तर मला बहीण म्हणू नकोस."

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी फाइल सापडेना. आक्का अर्धी रजा टाकून यायची, बाकावर जागा नसली की भिंतीला टेकून उभी राहायची, आणि परत जाऊन राहिलेल्या चादरींना लागायची. धाकटा एकदा आलाच नाही. धोबीखान्यातल्या बायकांनी पार्टीचं विचारणं सोडून दिलं. तिकडच्या घराचा फोटो पर्समध्ये राहून दुमडला.

अखेर एकदाचा पुकारा झाला. धाकटा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. साक्षीला उभा राहिला आणि खाली बघत त्याने सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, फोनवर तो भाऊच होता कशावरून? घरातलंच माणूस विचारील असं काही बोलला का तो?

धाकट्याने मान वळवून आक्काकडे पाहिलं. हे त्याने आक्कालाही सांगितलं नव्हतं.

"घराचं काही विचारलं नाही त्याने," तो म्हणाला. "फोन ठेवताना एवढंच विचारलं, आपल्या आक्काला अजून जिने चढावे लागतात का? मी म्हटलं, हो. तर म्हणाला, मी बघतो काहीतरी."

आक्का मागे भिंतीला टेकून उभी होती. बाकावर आता जागा झाली होती, पण ती तिथेच, फरशीवर बसली.