अव्वांच्या पूजेतला टायमर

शी! त्या टायमरचा आवाज आठवला तरी अजून माझं डोकं उठतं. करर्र, करर्र... शेजारी कुणी झोपेत दात खातंय असं. आन् मधीच ठाक्! मुडदा बशिवला त्याचा!

चन्नम्मा, माझी सासू. सगळी उत्तरेश्वर पेठ तिला अव्वा म्हणती. माहेर निपाणीचं. सासरे लौकर गेले, तवा ज्वारीच्या कडक भाकऱ्या आन् शेंगांची चटणी विकून बाईनं एकटीनं पोरगा वाढवला, दोन खोल्या बांधल्या. त्याला मी हात जोडते, खोटं कशाला बोलू? पण हेका म्हणजे हेका. पहाटे ऊन पाण्यानं आंघोळ, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा. बसल्या की घरात कुणी हूं का चूं करायचं न्हाय. पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोटबी घशाखाली जायचा न्हाय.

आन् ते ऊन पाणी कोण तापवायचं? मी, शिवलीला! लग्न होऊन आले अठ्ठ्याऐंशी साली, तवापासनं माझ्या नशिबाला तो तांब्याचा बंब. वखारीची ओली लाकडं, डोळ्यात धूर, नखात राख. केसांचा वास तर जयसिंगपूरला माहेरी गेलं तरी जायचा न्हाय. आई म्हणायची, धुराड्यातनं उठून आलीस का गं?

शेवटी मी मालकांच्या मागं लागून गीझर बसवून घेतला. आमचे मालक महांतेश म्हणजे लई हुशार! म्हणाले, "पहाटे उठून बटण कशाला दाबायचं? टायमर लावू, आपोआप चालू हुईल." बरं केलं म्हटलं. पण तो लावला कुठं? देवघराच्या भिंतीला! का, तर न्हाणीत पाणी उडतंय, करंट बसंल. अव्वांच्या कानापासनं हातभर लांब.

दुसऱ्या दिवशी अव्वा पूजा अर्धी टाकून उठल्या. जन्मात पहिल्यांदा. तोंड असं केलं, जणू देवघरात कुणी थुंकलंय. "काय घाण आणून बसवलीया ही? लिंगावर नजर ठरंना माझी." मग आम्ही त्या डब्यावर टॉवेल बांधला, वाकळ टाकली. वाकळंतनंबी करर्र. अव्वांनी जेवण टाकलं. पूजाच पुरी होईना, तर जेवणार कशा?

मालकांनी पान्हा आणून टायमर काढला. मी म्हटलं, "झालं की! उठून मी बटण दाबते." तर अव्वा म्हणतात, "नगं. ते पाणीबी अंगाला लागत न्हाय. बंब काढा."

आन् आमचे आज्ञाधारक मालक माळ्यावर चढले की! बंब खाली आला, चिंचेनं घासला, न्हाणीच्या दारात मांडला. वर मलाच सांगतात, "अगं, म्हातारीचं मन राख. पूजा मोडती तिची."

त्या पहाटे मी बंबात पाणी भरलं, लाकडं घातली. काडी ओढायला हातच धजंना. लई किळस आली त्या भांड्याची. फुकणी हातात घेऊनच मी देवघराच्या दारात गेले. अव्वा माळ ओवत बसल्या हुत्या.

"अव्वा," मी म्हटलं, "पंधरा वर्सं मी ह्याच भिंतीपल्याड फुकणी घिऊन खोकत हुते. जीव जाईस्तोवर खोकत हुते. तवा कधी मोडली न्हाय तुमची पूजा?"

अव्वांनी वर बघितलं. हातातली माळ खाली ठिवली.

"खोकत हुतीस?" म्हणाल्या. "मला तर कधी ऐकू आलं न्हाय गं."

खोटं बोलत नव्हत्या. खरंच ऐकू आलं नव्हतं त्यांना. थू असल्या जिण्यावर!

मी बंब ढकलून मोरीत पालथा केला आन् गीझरचं बटण दाबलं.