मान वर न करता पाहिलेलं छत

बाबा रविवारी अकोल्याला परतणार होते आणि दीड महिन्यात आम्ही त्यांना इथे आखातात दाखवलं काय, तर मॉल. तेही जन्मभर देवळं नि विहार रंगवत आलेल्या माणसाला. त्यांनी कुठल्याशा फोटोत निझवापलीकडच्या एका गावातल्या जुन्या घराची नमाजखोली पाहिली होती. रंगवलेलं छत, तुळयांवर त्या घराण्याची खूण. "एवढं दाखव," म्हणाले.

म्हणून शुक्रवारी निघालो, आणि तिथेच माती खाल्ली. तुम्ही तरी शुक्रवारी सकाळी जाऊ नका. आमच्या अल् घुब्राहून दोनेक तासांचा झकास रस्ता, साधी गाडी चालते, वाटेत पंपावर चहा-पराठा रियालच्या आत. पण पोचलो तर दाराला कुलूप. मालक खमीस फोनवर म्हणाला, "जुम्मा के बाद, इन्शाल्ला." या इन्शाल्लानेच माझे अर्धे केस गेलेत. खजुराच्या बागेत मसालेभात खात दुपार काढली.

खमीसने दार उघडलं आणि नवीनच अडचण. बाबांच्या मानेला पट्टा, मान वर होईना. छत बघायला आलेला माणूस जमीन बघत उभा.

"बाबा, सो जाओ," खमीसने चटई आणली.

"मी नाही लेटत बाप्पा कोनाच्या प्रार्थनेच्या जागी. पाय कोनीकडं करू?"

"अहो, तो स्वतः सांगतोय ना," मी वैतागलो.

"तो सांगनारच. पाहुना हाव मी."

शेवटी नमाजाची दिशा दाखवणाऱ्या मेहराबीकडे पाय होणार नाहीत अशी चटई टाकून खमीसच आधी आडवा झाला. मग बाबांनी पट्टा काढला आणि त्याच्या शेजारी पाठ टेकली.

"ये हमारा ऊंट का निशान," खमीस वर बोट दाखवत म्हणाला. घराण्याच्या उंटांना डागायची खूण, फोटोतलीच, दोन रेघा नि एक गळासारखा आकडा, लाल-काळ्या वेलबुट्टीत. बाबांचं बोट हवेत ती गिरवत होतं. त्यांना तसं बघून मला भरून आलं. मग अंधार पडत आला तरी दोघं उठेनात, तेव्हा रागही आला.

परतताना अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पट्टा तिथेच राहिला. मी चरफडत गाडी वळवू लागलो. "चाल सरळ," बाबा म्हणाले.

रविवारी बाबा अकोल्याला गेले. आता खमीसचे मेसेज येतात: बेल्ट इधर है, आओ. काल फोनवर बाबांना म्हटलं, विसरता कसे तुम्ही?

"कुठं इसरलो? ठेवून आलो. तू तं दारात किल्ल्या वाजवत होता, छत पाह्यलंच नाही. आता पट्टा आनाले जाशीन, तवा लेटून पाह्य."

शनिवारी निघतोय. चटई आहेच तिथे.