कडी वाजली की आजारी

माझे मामेसासरे आबा दिवाळीनंतर धुळ्यातल्या राहत्या घरी न्हाणीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी परतले, आणि त्यांच्या आयुष्यातला सुखाचा काळ सुरू झाला. आजारपण एवढं मन लावून करणारा दुसरा माणूस खानदेशात नसावा.

मामी गेल्यापासून आबांच्या घरी पेपरवाल्याखेरीज कोणी फिरकत नव्हतं. आता भेटायला येणाऱ्यांच्या चपला फाटकापर्यंत गेल्या. आबांनी भाड्याने आणलेली दवाखान्याची खाट पुढच्या खोलीत, थेट फाटकासमोर लावून घेतली. तिचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वरखाली होई. शेजारी आले तर आबा अर्धे बसलेले असत. अमळनेरचे व्याही आले तेव्हा पार आडवे. "भाडं खर्चीसन येल शेतस, त्यासनं समाधान नको का?" पडण्याची हकीकतही ऐकणाऱ्यागणिक वाढे. मूळ घटनेत साबणाची वडी होती. पुढे मांजर आलं. व्याह्यांसमोर बैल आला. तो न्हाणीत शिरला कसा, हे व्याह्यांनी विचारलं नाही. त्यांनी केळी पुढे केली.

घरी शुश्रूषेला येणाऱ्या सिस्टर पिंपळनेरच्या. त्या रोज वॉकर धरून चालायला लावत आणि आबा दोन पावलांत थकत, त्यामुळे सिस्टरचं येणं आठवड्यामागून आठवडे चालूच राहिलं. एका दुपारी बीपीचं मशीन विसरलं म्हणून त्या मागच्या दाराने परतल्या. आबा स्वयंपाकघरात, वॉकरशिवाय, टाचा उंचावून वरच्या फळीवरचा शेवेचा डबा काढत होते.

"आबा, हाई बठ्ठं नाटक शे?"

"शे," आबांनी डबा पुढे केला. "पन मी बरा व्हयनू ते कोन येई, व माय?"

सिस्टरनी शेव खाल्ली आणि खरं ते डॉक्टरांना कळवलं. खाट टेम्पोतून परत गेली. सिस्टरचं काम संपलं. आबा बरे झाल्याची बातमी अमळनेरपर्यंत पोचली, आणि फाटकापाशी पुन्हा आबांच्याच चपला उरल्या.

गेल्या रविवारी मी तिथे होतो. आबा अंगणात ताठ उभे राहून कपडे वाळत घालत होते. फाटकाची कडी वाजली. आबा लगबगीने आत गेले, दिवाणावर आडवे झाले आणि कण्हू लागले. सिस्टर आल्या होत्या; त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, पट्टा दंडाला गुंडाळला. रक्तदाब व्यवस्थित निघाला. पुढच्या रविवारी पुन्हा पाहावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.