मॉस्कोला लागलेला फोन

मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले, त्या आठवड्यात माझ्या डोंबिवलीतल्या टेलिफोन बूथवर एक काकू रोज सकाळी यायच्या. त्यांची मुलगी तिथे डॉक्टरकी शिकत होती. फोन लागला की दुसऱ्या कानावर पदर दाबून त्या एवढंच विचारायच्या, "काय जेवलीस?"

मला राहवेना. "काकू, बाकी काहीच विचारत नाही?"

"बरी आहेस का विचारलं की हो म्हणते. जेवणावरून खरं कळतं."

दोन दिवस उत्तर आलं, नुसता पाव. तिसऱ्या दिवशी काकू ऐकता ऐकता हसल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "सगळ्या मुली एकाच खोलीत राहतायत. खिचडीत मीठ कोणी जास्त घातलं, यावरून भांडतायत."

मग बाहेर जाऊन पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या.