उंबऱ्यावरची पहिली बांगडी

आमच्या धनज गावात लग्नाचा चुडा भरताना पहिली बांगडी नवरीच्या हातात जात नाही. ती उंबऱ्यावर ठेवतात, नवरीची आई टाचेनं तिचा चुरा करते आणि मग बाकीचा चुडा. कारण विचारलं तर चार जणी चार सांगतील. कोणी म्हणते दृष्ट उतरते, कोणी म्हणते द्रौपदीच्या लग्नातही असंच झालं होतं. द्रौपदीचं माहेर धनजजवळ होतं असं मला तरी शाळेत कोणी शिकवलं नाही.

ही चाल मानमोडीच्या, त्या जीवघेण्या तापाच्या, साथीनंतरची आहे. जिच्यामुळे पडली ती अमीनाबी अजून मशिदीमागे राहते.

अमीनाबी बांगड्या भरायची. डोक्यावर टोपली, तोंडात पान, आणि बायकांचे हात कणकेसारखे मळून तंग चुडाही चढवायची हातोटी. बांगडी "फुटली" असं तिच्या धंद्यात म्हणत नाहीत, "वाढली" म्हणतात. भरून झाल्या की पाटलीणसुद्धा तिला वाकून नमस्कार करायची. तिचा नवरा तय्यब कारंज्याला कापसाच्या जिनावर हमाल होता, म्हणजे तिथं जाऊन बसायचा.

साथीत कारंज्यात माणसं पटापट मेली. तय्यबचा चुलतभाऊ हबीब रडत गावात आला. गाडीत टाकलेल्या मुडद्यांत त्यानं तय्यबचा निळा कोट ओळखला होता. तोंड बघायची हिंमत झाली नाही, कोट पुरेसा वाटला. शेजारणींनी अमीनाबीला भिंतीशी बसवलं आणि वरवंट्यानं तिचे हात मोकळे केले.

थंडी पडायला लागली तेव्हा तय्यब चालत घरी आला. कोट त्यानं विड्यांपायी एका आजारी माणसाला विकला होता.

"भाकर आहे का?" त्यानं विचारलं. मग तिच्याकडं बघून म्हणाला, "हात काहून नंगे?"

"तू मेला होता."

"मले त कोणी सांगतलं नाही!"

गाव पोट धरून हसलं. हसून झाल्यावर मात्र गावाला भीती वाटली. मौलवी म्हणाले, निकाह शाबूत आहे, बांगड्या घाल. तिनं घातल्या. पण एकदा विधवा झालेला हात नवरीला लागू द्यावा का, याचं उत्तर मौलवींनी दिलं नाही, कारण बायकांनी त्यांना विचारलंच नाही. अमीनाबी दारात आली की पोरी हात पदराखाली घ्यायच्या.

तेवढ्यात उकंडराव पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. इथं चुडा भरायला मिळाला तर गावात पुन्हा भरता येईल, नाही तर टोपली चुलीत, हे अमीनाबीला कळत होतं. ती जाऊन पाटलिणीच्या उंबऱ्याबाहेर बसली.

"अमीना, तुहा हात हलका आहे, मले मालूम आहे," ललिताबाई पाटलीण म्हणाली. "पण माह्या पोरीचं काही झालं त?"

"पाटलीणबाई, पहिली बांगडी माह्या नावानं फोडा. माह्यावर जे काही असंल, ते बांगडीसंगं जाईल."

"आन् नाही गेलं त?"

"त मले फोडा."

हे पटलं. ललिताबाईनं वहाणेच्या टाचेनं बांगडी रगडली, अमीनाबीनं चुडा भरला. पोर सवयीनं वाकायला गेली तर आईनं कोपराला धरून मागं ओढलं. "तिच्या पाया नोको पडू!"

वर्षात त्या पोरीला मुलगा झाला. श्रेय फुटलेल्या बांगडीला गेलं. मग गावाला अक्कल आली. गुण फोडण्यात आहे, तर भरायला अमीनाबीच कायले? चुडा भरायला कारंज्याहून बिस्मिल्लाबी येऊ लागली. अमीनाबीकडं बायका यायच्या त्या फक्त फोडायची बांगडी घ्यायला.

"तुहीच लागते वं, दुसरीची चालत नाही," असं तोंडावर सांगायच्या. ती द्यायची.

पुढं तिला जमीला झाली, वाढली, लग्नाला आली. या एका हातात तरी चुडा आपणच भरायचा, एवढीच अमीनाबीची हौस उरली होती. त्या दिवशी बांगड्या निवडून, हाताला तेल लावून ती लेकीसमोर बसली. मानोऱ्याहून आलेल्या सासरच्या बाया टक लावून बघत होत्या.

जमीलानं हात मागं घेतला. "अम्मा, तू नोको भरू."

"काहून?"

"मले रांडपण नोको, अम्मा."

बाहेर तय्यब, चांगला जिवंत, सुपारी कातरत बसला होता.

अमीनाबीनं टोपलीतून एक बांगडी काढून उंबऱ्यावर ठेवली. नवरीची आई तीच, म्हणून टाचही तिचीच. चुरा झाला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. आत बिस्मिल्लाबीनं जमीलाचा हात दाबला, बांगडी हाडावर अडकली, कातडं सोललं. जमीला कळवळली.

"अंगठा आत घे, बेटी," अमीनाबी बाहेरून म्हणाली.

जमीलानं अंगठा आत घेतला. बांगडी सरकन गेली.

"पोरीवर सावली पडून राह्यली हिची," हबीबची बायको म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.